सार्वजनिक संगणकाचा पडदा

आमच्या गावच्या ग्रंथालयात सहा संगणक आहेत. वृत्तपत्रांच्या लांब टेबलाशेजारील भिंतीला लागून ते ओळीने मांडलेले असून, कोणाही सभासदाने यावे, दाराजवळच्या वहीत नाव व वेळ लिहावी आणि अर्धा तास बसावे, असा तेथील परिपाठ आहे. ग्रंथालयाचा कार्यवाह या नात्याने त्यांची देखरेख काही वर्षे माझ्याकडे होती. संगणकशास्त्राचे माझे ज्ञान बेताचेच. परंतु एकाच यंत्रापाशी दिवसभरात पंधरा-वीस माणसे बसून उठतात तेव्हा काय काय घडते, हे पाहण्याची संधी मला पुष्कळ मिळाली. त्यातील एका अगदी लहानशा गोष्टीविषयी आज बोलावयाचे आहे. संगणकाला काही वेळ कोणी हात लावला नाही, म्हणजे त्याचा पडदा आपोआप काळा होतो, किंवा त्यावर तारे, मासे, बुडबुडे, नळांची जाळी असे काहीतरी फिरू लागते. त्याला स्क्रीनसेव्हर म्हणतात. एरवी त्याच्याकडे मी कौतुकाने पाहिले असते आणि विसरलो असतो. पण एका प्रसंगाने ते होऊ दिले नाही.

बारावी झालेली एक मुलगी प्रवेशाचा अर्ज भरण्यासाठी आमच्याकडे येत असे. घरी संगणक नव्हता. महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरून झाल्यावर तिने कागद गोळा केले, पिशवीत नीट लावले, शेजारच्या दुकानातून प्रमाणपत्रांची झेरॉक्स काढून आणली आणि परत येऊन पाहते तो पडदा काळा. संगणक बंद झाला, आपले काम झाले, असे समजून ती घरी गेली. दोन दिवसांनी तिने अर्ज पुन्हा उघडला तेव्हा पसंतीक्रम उलटापालटा झालेला होता. पहिले महाविद्यालय शेवटी गेले होते, आणि ज्याचे नावही तिने कधी घेतले नव्हते असे एक गावाबाहेरचे महाविद्यालय पहिले झाले होते. मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. सुदैवाने ती वेळेवर आली आणि अर्ज दुरुस्त झाला. तिच्यानंतर त्या यंत्रापाशी कोण बसले होते ते वहीत लिहिलेले होतेच. पण त्या खुर्चीभोवती चार मुले उभी असल्याचे मला आठवत होते, आणि चौघांपैकी कोणाच्या बोटांना ही दुर्बुद्धी झाली हे वही सांगू शकत नव्हती. मुलीने नाव विचारले नाही. मीही सांगितले नाही. ती एवढेच म्हणाली, “काका, पडदा काळा झाला होता हो. मला वाटलं, बंद झाला.”

ही समजूत तिची एकटीची नव्हे. नाटकाचा पडदा पडला की प्रयोग संपला, असेच आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलो आहोत. दुकानाची फळी लागली, देवळाचे दार लोटले, दिवा मालवला, की आतले कामकाज थांबले असा आपला व्यवहारातला अर्थ. संगणकाचा पडदा मात्र पडतो तेव्हा रंगमंचावरील पात्रे जागच्या जागी तशीच उभी असतात. कोणीही येऊन माउस जरा हलवावा, की पडदा वर जातो आणि नाटक जेथे थांबले होते तेथून पुढे चालू होते. फक्त नायकाच्या जागी दुसराच इसम उभा असतो. मग ज्या योजनेने एवढा घोटाळा होतो ती मुळात केली कोणी आणि कशासाठी, असा प्रश्न माझ्यासारख्या चौकस माणसाला पडल्यावाचून राहत नाही.

तिचा उगम काचेच्या जुन्या पडद्यात आहे. जर्मन शास्त्रज्ञ फेर्डिनांड ब्राउन याने १८९७ साली जी कॅथोड किरण नलिका तयार केली, तीच पुढे शंभर वर्षे दूरचित्रवाणीची आणि संगणकाची काच होऊन बसली. तिची रचना थोडक्यात अशी : निर्वात केलेल्या काचेच्या नळीच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटतो आणि पुढच्या काचेच्या आतल्या बाजूस जो फॉस्फरचा लेप दिलेला असतो त्यावर जाऊन आदळतो. जेथे आदळतो तेथे लेप चमकतो. झोत डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली असा सेकंदात अनेकदा फिरवला, की आपल्या डोळ्यांना सबंध चित्र दिसते. परंतु हा लेप अक्षय नाही. इलेक्ट्रॉनांचा मारा जसजसा होत जाईल तसतशी त्याची चमकण्याची शक्ती कमी होते. सगळ्या काचेवर हा क्षय सारखा झाला तर तो ध्यानातही येत नाही. चित्र जरा मंद होते एवढेच. पण एकच मजकूर एकाच जागी महिनोन्‌महिने उभा राहिला, तर तेवढ्याच अक्षरांखालचा लेप झिजतो आणि ती अक्षरे काचेवर कायमची उमटतात. संगणक बंद केला तरी ती भुतासारखी दिसत राहतात. १९८० साली निघालेल्या पॅकमॅन या खेळाची यंत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे सांगावयास नको. खेळ बदलला तरी पॅकमॅनचा तो चक्रव्यूह काचेवर रेखलेलाच राहत असे. जेथे एकच तक्ता दिवसरात्र झळकत असे अशा ठिकाणच्या जुन्या काचांवरही, आजच्या मजकुरामागे कालच्या मजकुराची सावली हटकून दिसे.

यावर उपाय सुचला तो जॉन सोचा या अमेरिकन आज्ञावलीकाराला. आय.बी.एम.च्या घरगुती संगणकासाठी त्याने एक छोटीशी आज्ञावली लिहिली आणि सॉफ्टटॉक नावाच्या मासिकाच्या डिसेंबर १९८३ च्या अंकात ती छापून आली. तीन मिनिटे कळफलकावर हात पडला नाही, की पडदा काळा करावयाचा, एवढेच तिचे काम. तीन मिनिटांऐवजी पाच हवी असतील तर सोय नव्हती. आज्ञावलीतच फेरफार करून ती नव्याने बांधावी लागे. स्क्रीनसेव्हर, म्हणजे पडद्याचा राखणदार, हे नाव अशा रीतीने अक्षरशः सार्थ होते. तो माणसाचे काही राखीत नव्हता, माणसाच्या कामाचेही राखीत नव्हता. काचेवरचा लेप तेवढा राखीत होता. ही गोष्ट मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण पुढचा सारा गोंधळ हे विसरल्यामुळे झालेला आहे.

पडदा काळा ठेवण्याऐवजी त्यावर हलते चित्र ठेवले तरी काम तेच साधते, कारण हलत्या चित्राचा मारा एका जागी पडत नाही. हे ध्यानात येताच राखणदाराचा बहुरूपी झाला. बर्कली सिस्टिम्स या कंपनीने १९८९ मध्ये आफ्टर डार्क नावाचा संच बाजारात आणला. त्यात पंख असलेले पाव भाजण्याचे टोस्टर आकाशातून उडत जात. त्या उडत्या टोस्टरांनी लोकांना इतके वेड लावले, की ज्यांच्या पडद्याला झीज होण्याची मुळीच भीती नव्हती त्यांनीही ते पैसे देऊन घेतले. पुढे विंडोजबरोबर असे देखावे फुकटच मिळू लागले. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि त्यानंतर गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले, ते याच काळात. त्या कॅफेंत तासाच्या भाड्याने बसलेल्या पुष्कळांना आठवत असेल, की मोकळ्या यंत्रांच्या पडद्यांवरून एक ओळ सरकत जात असे : सुटे पैसे द्यावेत, चपला बाहेर काढाव्यात, उधारीचा विषय काढू नये. विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय आली ती २००० सालच्या आवृत्तीपासून. त्यापूर्वी ही मराठी सूचना बहुधा रोमन लिपीत सरकत जाई आणि ‘सुटे’चे ‘सूते’ होऊन गिऱ्हाईक गालातल्या गालात हसे. सार्वजनिक जागी स्क्रीनसेव्हरचा इतका निरुपद्रवी उपयोग मला तरी दुसरा माहीत नाही.

खरा प्रश्न निर्माण झाला तो या राखणदाराच्या हाती कुलूप दिल्यावर. पडदा काळा होतो याचा अर्थ मालक जागेवर नाही. तर मग परत पडदा उघडताना परवलीचा शब्द का विचारू नये, अशी कल्पना निघाली. कचेरीत ज्याचे त्याचे टेबल असते तेथे ती उत्तम आहे. मी चहाला गेलो, मागे पडदा झाकला गेला, कुलूप लागले. परत येऊन मी ते उघडले. सुरुवातीची कुलपे फार लेचीपेची होती ही गोष्ट वेगळी. विंडोज ९५ मध्ये संगणकाचे बटण दाबून तो पुन्हा चालू केला, आणि नाव विचारणारी चौकट आल्यावर एस्केपची कळ दाबली, की कोणीही खुशाल आत जात असे. दाराला भलेथोरले कुलूप आणि शेजारची भिंत कुडाची, असा तो प्रकार होता. पुढे कुलपे मजबूत झाली. युनिक्स घराण्यातील संगणकांसाठी जेमी झविन्स्की याने १९९२ साली एक्सस्क्रीनसेव्हर लिहिला. त्याच्या सुंदर चित्रांची वाखाणणी सारेच करतात. पण कुलूप फुटता कामा नये याविषयी त्याने वर्षानुवर्षे जी काळजी वाहिली ती मला अधिक मोलाची वाटते.

मात्र कुलूप जितके मजबूत, तितकी सार्वजनिक जागी अडचण मोठी. याचे कारण कुलपाच्या कल्पनेतच आहे. कुलूप असे गृहीत धरते, की या यंत्राला एक मालक आहे, तो थोड्या वेळापुरता गेला आहे आणि तो परत येणार आहे. ग्रंथालयातल्या संगणकाला मालक नसतो. तेथे एकामागून एक पाहुणे असतात, आणि गेलेला पाहुणा परत येईलच असे नाही. आमच्याकडे एका विद्यार्थ्याने हे चांगले ओळखले होते. तो सकाळी येई, स्वतःचा परवलीचा शब्द घालून पडदा बंद करी आणि बाहेर मित्रांत जाऊन उभा राही. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी त्याने संगणकाची खुर्ची धरून ठेवलेली असे. खुर्ची रिकामी, पडद्यावर मासे पोहताहेत, आणि नोकरीच्या अर्जाची मुदत गाठण्यासाठी खेड्यावरून आलेला एक मुलगा त्या माशांकडे पाहत उभा आहे, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिले आहे. विंडोजच्या त्या वेळच्या रीतीप्रमाणे असे कुलूप दोघांनाच उघडता येई : ज्याने लावले त्याला, अथवा व्यवस्थापकाला. व्यवस्थापकाने उघडले तर आतल्या माणसाचे न साठवलेले काम पुसले जाई. एके दिवशी वैतागून आमच्या शिपायाने बटणच बंद केले. त्या विद्यार्थ्याचा सहा पानांचा प्रकल्प गेला. त्याने आकांत केला, आणि त्याची चूक असली तरी त्याचे दुःख खोटे होते असे मला म्हणवत नाही.

याचा विचार यंत्रे करणाऱ्यांनी केला नाही असे नाही. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत, पहिल्याचे काम तसेच ठेवून दुसऱ्याने स्वतःच्या खात्यात शिरावयाची सोय झाली. एक्सस्क्रीनसेव्हरच्या कुलपावरही नवा प्रवेश अशा अर्थाचे एक बटण असते. ग्नोम या मोफत प्रणालीच्या पडद्यावर तर गेलेल्या माणसासाठी चिठ्ठी लिहून ठेवण्याची सोय काही काळ होती. ‘तुमची वाट पाहून गेलो’, अशी चिठ्ठी दारावर अडकवून जावे, तसेच ते. कल्पना मनोहर खरी. परंतु ज्या घरात चार माणसांची चार खाती आहेत तेथेच तिचा उपयोग. ग्रंथालयात येणारा प्रत्येकजण एकाच सामाईक खात्यात बसतो, आणि सामाईक खात्याला कुलूप घालणे म्हणजे पाणपोईच्या रांजणाला कुलूप घालण्यासारखे आहे.

म्हणून सार्वजनिक यंत्रावर कुलूप लावणे हा उपाय नव्हे. गेलेल्या माणसाच्या मागचे सर्व काही आवरून ठेवणे हा उपाय आहे. धर्मशाळेतला प्रवासी निघून गेल्यावर रखवालदार खोलीला त्याचे कुलूप लावून ठेवीत नाही. खोली झाडून पुढच्यासाठी उघडी करतो. यासाठीसुद्धा स्क्रीनसेव्हरचाच उपयोग करून घेणारी एक युक्ती फार पूर्वीच निघाली होती, हे फारसे कोणास ठाऊक नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटीच्या व्यवस्थापकांसाठी जो साधनसंच दिला होता त्यात विनएक्झिट नावाचा एक स्क्रीनसेव्हर होता. ठरावीक वेळ यंत्राला हात लागला नाही, की तो चित्र न दाखवता एक सूचना दाखवी आणि सेकंद उलटे मोजू लागे. तेवढ्यात कोणी माउस हलवला तर ठीक. नाही तर माणूस गेला असे समजून त्याचे खाते बंद करी. मायक्रोसॉफ्टनेच २००७ साली ग्रंथालये, शाळा आणि सायबर कॅफे यांच्यासाठी स्टेडीस्टेट नावाची मोफत आज्ञावली काढली. संगणक पुन्हा सुरू केला, की आधीच्या माणसाने केलेला प्रत्येक फेरफार पुसून यंत्र पूर्ववत होई. २०१० च्या अखेरीस ती बंद करण्यात आली, ही आमच्यासारख्या संस्थांच्या दृष्टीने वाईट गोष्ट झाली. पण तिचे तत्त्व शिल्लक आहे, आणि त्याच तत्त्वावर चालणारी पाहुण्यांची खाती निरनिराळ्या प्रणालींत मिळतात : बसा, काम करा, उठा, उठताच सारे पुसले जाईल.

आता यातला अवघड भाग. माणूस गेला हे यंत्राला कळावे कसे? यंत्राला डोळे नाहीत. कळफलक दाबला जातो की नाही आणि माउस हलतो की नाही, एवढेच त्याला समजते. तेवढ्यावरून माणूस आहे की गेला हे ते ठरवते. वेळ कमी ठेवावी तर बसलेल्या माणसाचे काम जाते. जास्त ठेवावी तर गेलेल्या माणसाचे गुपित उघडे राहते. अमेरिकेतील रुग्णालयांत या ओढाताणीने काय होते याचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, तो वाचून मला हसू आले आणि काळजीही वाटली. तेथे रुग्णांची माहिती बाहेर फुटू नये म्हणून काही संगणकांपाशी, समोर माणूस आहे की नाही हे हेरणारी उपकरणे बसवली होती. माणूस जरा बाजूला झाला की संगणक बंद. एकीकडे रोगी आणि दुसरीकडे संगणक अशी धावपळ करणाऱ्या डॉक्टरांना हे कसे परवडावे? त्यांनी त्या उपकरणांवर थर्माकोलचे पेले उपडे घातले. उपकरणाला वाटले, समोर माणूस उभा आहे. दुसऱ्या एके ठिकाणी, सर्वांच्या कळफलकांवरील मोठी पट्टी अधूनमधून दाबीत फिरण्याचे काम सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्याकडे दिले होते. कुलूप अडचणीचे झाले म्हणजे शहाणी माणसेसुद्धा ते कसे निकामी करतात याचे याहून बोलके उदाहरण शोधावयास नको.

येथे कायद्याचाही उल्लेख करावयास हवा. सायबर कॅफेंसाठी आपल्या सरकारने २०११ साली जे नियम केले त्यांत प्रत्येकाची ओळख पटवून घ्यावी आणि त्याची नोंद एक वर्ष जपून ठेवावी असे तर आहेच. शिवाय आडोशाच्या फळ्या साडेचार फुटांपेक्षा उंच नसाव्यात, आणि आडोसा नसलेल्या संगणकांचे पडदे सर्वांना दिसतील असे मोकळ्या जागेकडे तोंड करून असावेत, असेही आहे. गैरवापर होऊ नये हा हेतू, आणि तो योग्यच. परंतु त्याच उघड्या पडद्यावर कोणी बँकेचा हिशेब पाहतो, कोणी दवाखान्याचा तपासणी अहवाल उघडतो, कोणी मुलाच्या तुरुंगवासाबद्दल वकिलाला पत्र लिहितो. ज्याच्यापाशी स्वतःचा संगणक आहे त्याला ही कामे दार लावून करता येतात. ज्याच्यापाशी नाही त्याचे आयुष्य साडेचार फुटांच्या फळीवरून दिसते. गरिबाला खाजगी असे काही नसते ही तक्रार जुनीच आहे. या नव्या यंत्राने ती मिटवली असे मला दिसत नाही.

विजेविषयीही लोकांचा गैरसमज आहे. पडदा राखणारी ही योजना वीजही राखीत असेल असे आपण धरून चालतो. माशांचे आणि नळांचे देखावे रंगवताना संगणकाला कामच करावे लागते. आणि आजचे सपाट पडदे मागून दिव्याने उजळलेले असतात, त्यामुळे समोर काळे चित्र असले तरी मागे दिवा जळतच असतो. असा एक पडदा साधारण पंचवीस वॅट घेतो असे धरले, तर आमचे सहा पडदे रोज चार तास रिकामे मासे पोहवीत राहिल्यास वर्षाच्या तीनशे दिवसांत एकशे ऐंशी युनिट जातात. जुन्या काचेच्या पडद्यांना याच्या तिप्पट-चौपट लागत असत. पडद्याला खरोखर झोपवणे ही निराळी क्रिया आहे. अमेरिकन सरकारच्या पर्यावरण खात्याने १९९२ साली एनर्जी स्टार ही योजना सुरू केली ती संगणक आणि पडदे यांपासूनच, आणि रिकाम्या यंत्राने आपोआप झोपी जावे ही तिची अपेक्षा होती. सपाट पडद्यावर जुन्यासारखी अक्षरे कायमची उमटत नाहीत. उमटल्यासारखी वाटली तरी बहुधा काही वेळाने जातात. तेव्हा आमच्या ग्रंथालयातले मासे कोणाचेच रक्षण करीत नव्हते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. ओलेड नावाच्या अगदी नव्या पडद्यांत मात्र प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो आणि स्वतःच झिजतो, त्यामुळे जुना आजार तेथे परत आला आहे.

रिकाम्या यंत्राचा सदुपयोग करण्याचा एक थोर प्रयत्नही सांगण्यासारखा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शास्त्रज्ञांनी मे १९९९ मध्ये सेटी ॲट होम हा उपक्रम सुरू केला. पोर्तो रिको येथील आरेसिबोच्या प्रचंड दुर्बिणीने टिपलेले आकाशातील रेडिओ संदेश तुकड्यातुकड्यांनी लोकांच्या घरी पाठवावयाचे, आणि संगणक रिकामा असताना स्क्रीनसेव्हरच्या रूपाने तो तुकडा तपासावयाचा. कोठे परग्रहावरील बुद्धिमंतांची हाक ऐकू येते का ते पाहावयाचे. पन्नास लाखांहून अधिक लोकांनी यात भाग घेतला. हाक काही ऐकू आली नाही. मार्च २०२० मध्ये तुकडे पाठवणे थांबले आणि त्याच वर्षी डिसेंबरात ती दुर्बीणही कोसळली. घरच्या यंत्रावर हे करणे ही हौस. पण यंत्र दहा जणांचे असेल तर वीज कोणाची आणि परवानगी कोणाची? अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका तांत्रिक महाविद्यालयातील कर्मचाऱ्याने तेथील संगणकांवर अशाच प्रकारची, सांकेतिक लिपी उलगडणारी आज्ञावली परस्पर बसवली, तेव्हा त्याच्यावर फौजदारी खटला झाला. जानेवारी २००२ मध्ये तडजोड होऊन दंड आणि समाजसेवा एवढ्यावर ते मिटले. शिक्षा होण्याजोगा तो गुन्हा होता असे मला वाटत नाही; पण सार्वजनिक वस्तू रिकामी दिसली म्हणून ती आपली होत नाही, हेही तितकेच खरे.

आणखी एक धोका थोडक्यात सांगतो. विंडोजमध्ये स्क्रीनसेव्हर ही चित्राची फाइल नसून चालणारी आज्ञावलीच असते. फक्त नावाच्या शेवटी एस.सी.आर. ही अक्षरे असतात. डिसेंबर २००१ मध्ये गोनर नावाचा उपद्रवी किडा ईमेलमधून जगभर पसरला, तो एका सुंदर स्क्रीनसेव्हरचे सोंग घेऊनच. म्हणून सार्वजनिक यंत्रावर कोणाही सभासदाला नवा स्क्रीनसेव्हर बसवू देऊ नये. गणेशोत्सवात आमच्याकडे एकाने मोठ्या भक्तिभावाने गणपतीचा बसवला होता. तो काढून टाकताना मला वाईट वाटले, पण काढला.

आमच्या ग्रंथालयात शेवटी काय केले ते सांगतो. मासे काढले. प्रत्येक यंत्रावर पाहुण्याचे खाते ठेवले, ते बंद होताच मागचे सर्व पुसले जाते. दहा मिनिटे हात लागला नाही तर पडद्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत सूचना येते, ‘आपण आहात काय? एका मिनिटात आपले काम बंद होईल’, आणि मिनिट संपले की बंद होते. खुर्च्यांच्या मागे एक पाटी लावली : उठण्यापूर्वी आपल्या खात्यातून बाहेर पडा, पडदा काळा झाला म्हणजे संगणक बंद झाला असे समजू नका, उतरवून घेतलेले कागद पुसून टाका, संगणकाने परवलीचा शब्द लक्षात ठेवू का असे विचारल्यास नाही म्हणा. पाटी कोणी वाचते असा माझा भ्रम नाही, म्हणून नव्या सभासदाला आमचा शिपाई हे तोंडीही सांगतो.

ही व्यवस्था लागू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एक वृद्ध गृहस्थ रागावून माझ्याकडे आले. ते रोज सकाळी दुसऱ्या गावचे वृत्तपत्र संगणकावर वाचीत. दृष्टी अधू, वाचण्याची गती मंद. एका पानावर त्यांची पंधरा मिनिटे सहज जात आणि तेवढ्या वेळात माउसला हात लावण्याचे त्यांना कारणच नसे. “मी समोर बसलोय, वाचतोय, आणि हा मला विचारतो, आपण आहात काय,” असे ते म्हणाले. सूचना येऊन जाई तीसुद्धा त्यांना वेळेवर वाचता येत नसे. त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते. मुलांच्या गतीने आम्ही दहा मिनिटे ठरवली होती. वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा विचार आम्हांपैकी कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. कोपऱ्यातल्या एका यंत्रावर आम्ही वेळ पंचवीस मिनिटे केली, सूचनेची अक्षरे दुप्पट केली आणि तिच्याबरोबर घंटेचा आवाज ठेवला. त्यावर ते बसू लागले. तरीसुद्धा सवयीने त्यांचा उजवा हात मधूनमधून माउसवर जाई आणि तो थोडासा हलवून परत मांडीवर येई. वाचन मात्र चालूच असे.